देवका काकूच्या वावरातला आवाज

आमच्या आंजी गावात सध्या अशी बातमी आहे की देवका काकूच्या वावरात रात्री सदाशिवराव ओरडतात. सदाशिवराव म्हणजे काकूचे यजमान. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या शेजारची अनुसयाबाई ही बातमी सांगते तेव्हा आधी पदर डोक्यावर घेते, मग आवाज विहिरीत सोडल्यासारखा खाली नेते. "आपल्या कानानं ऐकलं वं माय. हुर्र म्हन्ते अन् खोकलते. जित्तेपणी खोकलत होते, तस्सेच."

भूतबीत काही नाही. भोंगा आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर असतो तसला. आणि आवाज सदाशिवरावांचा नाही, त्यांच्या धाकट्या भावाचा, अण्णाजींचा आहे. दोघा भावांचा गळा एकच. तसं पाहिलं तर अण्णाजींचाही नाही. माझा आहे.

हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडे रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत वावर उलथून टाकतात. म्हणून जागल करावी लागते. रात्रभर वावरात बसायचं, डबा बडवायचा, हाका मारायच्या. हे काम पुरुषांचं. बाई जागलीला बसलेली आंजीत कोणी पाहिली नाही. काकूला एकच मुलगी, सुरभी, ती सेलूला दिलेली. तेव्हा यंदा हरभरा फुलला तसे अण्णाजी चहाला आले. अण्णाजींचं प्रत्येक वाक्य एका ठिकाणाहूनच निघतं आणि वाटेत एकदा खोकतं.

"मी काय म्हंतो, वहिनी. वावर मायाकडं दे ठेक्यानं. तू घरी आरामात राह्य."

"काऊन? वावरानं तक्रार केली का तुमच्याकडं?"

"जागल कोन करन?"

"मी करीन."

"बाईमानसाचं काम नाई ते." खोकला. "माया आवाज ऐकला का डुकरं धुऱ्यावरूनच वापस जातेत. माया आवाज. तुया नाई."

काकू तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपावर थांबला. "म्हंजे जागल आवाज करते. मानूस नाई."

"तेच तं सांगून राह्यलो."

"बरं झालं सांगतलं, भाऊजी. यंदा डुकरं वावरात शिरले तं पुढच्या सालापासून वावर तुमचं. नाई शिरले तं हा विषय या घरात पुन्हा काढू नोका."

अण्णाजी खुशीत गेले. त्यांच्या लेखी वावर मिळाल्यातच जमा होतं.

काकूने पहिल्यांदा बाभळीला रेडिओ टांगला. डुकरं आली, गाणी ऐकत जेवली, गेली. नशीब, धुऱ्याबाहेरचा, म्हणजे बांधापलीकडचा तुकडाच खाल्ला, आत शिरली नाहीत. सकाळी काकू उकिडवी बसून खुरांचे ठसे बघत होती. "गानं आवडलं वाटते त्याइले," एवढंच म्हणाली. पानठेल्यावरच्या मुकेशला हे कळायला वेळ लागला नाही. मुकेश बोलतो तेव्हा तोंडात सुपारी नसली तरी असल्यासारखा बोलतो.

"काकू, आज कोनतं पिक्चर लावता?"

"तू ये ना पाहाले. डुकरं बसतेच तिथं, त्याइच्यात बस."

मुकेशने मग अक्कल शिकवली. मोटारीची वायर सरळ तारेच्या कुंपणात सोडायची, एका झटक्यात काम खल्लास. ठेल्यावरच्या दोघा-चौघांनी माना डोलावल्या.

"अन् सकाळी तुयी माय गवताले आली तं?" काकूने विचारलं. "करंट काय नाव इचारून धरते?"

माना डोलायच्या थांबल्या.

दुसरा उपाय भोंग्याचा. भाजी विकणाऱ्या आदेशने नवा घेतला, जुना काकूने आणला आणि फवारणीच्या पंपाची बॅटरी त्याला जोडली. जोडताना आतलं मेमरी कार्ड पुसायचं राहिलं. रात्रभर वावरात "आलू घ्या, कांदे घ्या, ताजी मेथी घ्या" चाललं. पहाटे अनुसयाबाई थैली घेऊन धुऱ्यावर उभी. पण डुक्कर एकही नाही. काकू इतकी खूश झाली की अनुसयाबाईला घरी नेऊन खरोखरची मेथी दिली. तिसऱ्या रात्री डुकरं परत धुऱ्याला लागली.

"नवं होतं म्हून भेले," काकू म्हणाली. "वळख झाली का जावयासारखे येतेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या अंगणात आली. "आचल, तू साऱ्या गावाच्या नकला करत फिरते. अण्णाजीची येते का?"

मी करून दाखवली. आई आतून "भाऊजी, बसा ना" म्हणत पाणी घेऊन बाहेर आली. काकू हसली नाही. म्हणाली, "खोकला अजून लांब घे."

आमच्या स्वयंपाकघरात पंखा बंद करून मोबाइलवर आवाज भरला. रागावलेले अण्णाजी, झोपेतून उठलेले अण्णाजी, डबा बडवणारे अण्णाजी, कुत्र्याला शिव्या देणारे अण्णाजी. मधे मधे शांतता ठेवायची, पण कधी थोडी, कधी फार. डुकराला अंदाज लागू द्यायचा नाही. भोंग्याची जागाही रोज दुसरी. आज बाभूळ, उद्या विहिरीची कप्पी, परवा तुराट्यांचा ढीग. बॅटरी दिवसा घरी चार्ज करायची आणि दिवेलागणीला डोक्यावर घेऊन जायची. लोक बघायचे. काकू त्यांच्याकडे बघायची. मग लोक दुसरीकडे बघायचे.

मला धास्ती वेगळीच होती. "काकू, अण्णाजीचं वावर तुमच्या धुऱ्याले लागून हाय. ते उद्याच भांडाले येतीन. आपला आवाज कोनी बी वळखते."

"नाई वळखत."

"मायी नक्कल एवढी खराब हाय का?"

"चांगली हाय म्हून तं नाई वळखनार. तू आपला आवाज मोबाइलवर पह्यल्यांदा ऐकला तई काय म्हनली होती?"

मी म्हणाले होते की ही कोण रेकते. आपला आवाज आपल्याला आतून, हाडांतून ऐकू येतो, आणि जगाला बाहेरून. हे मी अकरावीच्या वर्गात शिकले होते, तरी पैज लावली. अण्णाजींनी ओळखला तर होळीला काकूने चौकात त्यांची नक्कल करायची. नाही ओळखला तर मी हरभरा सोंगायचा, म्हणजे कापायचा. हाताला कापड न बांधता.

हरभरा वाळत आला. डुकरं शिरली नाहीत. भुताची बातमी मात्र पार नालवाडीपर्यंत गेली. मग एका सकाळी अण्णाजी आले. मी काकूकडे बसले होते.

"मी काय म्हंतो, वहिनी." खोकला. "तुयाकडं नाई शिरले डुकरं."

"नाई शिरले."

"मायाकडं शिरले."

काकूने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "तुम्ही तं जागलीवर होते, भाऊजी."

"होतो ना. पन तुयावाला मानूस इतका ओरडून राह्यला, मले वाटलं कोनीतरी जागं हाय. डोळा लागला." त्यांनी बशीत चहा ओतला. "गाव म्हंते दादाचं भूत हाय. येडं हाय गाव. मले समजते, तू मानूस ठेवला. आवाज घानेरडा हाय त्याचा, अन् खोकलते तं असा का ऐकवत नाई. पन कामाचा हाय. दोन-चार दिवस मायाकडं पाठव."

मी हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली.

"पाठवीन," काकू म्हणाली. "आधी वावराचं बोला."

"कोनत्या वावराचं?"

"ठेक्यानं मांगत होते, त्या."

अण्णाजींनी बशी तोंडाला लावली ती बराच वेळ खाली आलीच नाही. आली तेव्हा म्हणाले, "तुयं तू पाह्य. मी कुठं काय म्हनलं?"

"तेच. आता काई म्हनू नोका."

ते फाटकाबाहेर जाईपर्यंत काकूने धीर धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आचल, इळा त्या कोनाड्यात हाय."

हरभऱ्याच्या झाडाला आंब असते. बोटांना लागली की चरचरते, आणि जिथे कातडी सोललेली तिथे जास्तच. दुपारपर्यंत माझे दोन्ही हात पेटले होते. काकू धुऱ्यावर बसून पाणी पीत होती. मी तिसऱ्या ओळीच्या मधोमध कंबर धरून उभी राहिले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी काय म्हंतो, पोरी. खाली वाक."

मी दचकून वळले. धुऱ्यावर अण्णाजी नव्हते. एकटी काकू होती. आणि खोकला तिने माझ्यापेक्षा लांब घेतला.