अर्जात वारलेला माणूस

खोडरबर बाईंना ज्या माणसाची भीती वाटायची, तो ठणठणीत जिवंत होता. भूत म्हणावं, तर हे भूत महिन्या-दोन महिन्यांनी भरदिवसा जिना चढून यायचं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचं आणि "काय बाई, बऱ्या आहात ना?" म्हणून समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसायचं. बाई हसून "या, या" म्हणायच्या. आणि तो कधी उठतोय याची वाट बघत बसायच्या.

बाईंचा धंदा पोरांना लॉ कॉलेजच्या प्रवेशअर्जात मदत करण्याचा. त्याआधी वीस वर्षं त्यांनी एका वकिलाकडे टायपिंग केलं होतं, त्यामुळे खोटं कुठे लपतं ते त्यांना वासावरून कळायचं. दातांच्या डॉक्टरच्या वरची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर. खालून मशीनची घरघर चालू असायची. "खाली कीड काढतात, वर मीही तेच करते," असं त्या सांगायच्या आणि नवीन आलेल्या पालकांना ते आवडायचं.

त्यांची पद्धत साधी होती. अर्जासोबत स्वतःविषयी दोन पानांचा निबंध द्यावा लागतो. पोरं तो कुठून कुठून जमवून आणायची. "मला लहानपणापासून न्यायाची आवड आहे," हे पहिलं वाक्य दिसलं रे दिसलं की बाईंची पेन्सिल फिरायची. "लहानपणी तुला गोळ्या-बिस्किटांची आवड होती. थापा कशाला मारतोस?" मग कागद बाजूला ठेवून त्या पोराला बोलतं करायच्या. पोरगं बोललं की तेच लिहून आणायला लावायच्या. स्वतःचा एक शब्द घालायचा नाही, फक्त खोडायचं, हा त्यांचा नियम. म्हणून तर पोरांनी नाव ठेवलं खोडरबर बाई. नाव बाईंच्या कानावर आलं होतं आणि त्यांना त्याचा छुपा अभिमानही होता.

पाच वर्षांपूर्वी हा नियम त्यांनी एकदा मोडला.

तो एका बस ड्रायव्हरचा मुलगा. मार्क बेताचे, बोलणं त्याहून बेताचं. निबंध वडिलांवर होता, पण अगदी मिळमिळीत. अर्जाची मुदत संपायच्या आठवड्यात ड्रायव्हरला हार्ट अटॅक आला आणि शेवटच्या दिवशी दुपारी पोरगा हॉस्पिटलमधून थेट बाईंकडे आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नातेवाइकांना बोलावून घ्या. निबंधाचा शेवट त्याने हॉस्पिटलच्या बाकावर बसून नव्याने लिहिला होता आणि बाईंनी तो दोनदा वाचला. कधी नव्हे ते पोराने मन मोकळं केलं होतं. फक्त शेवटचं वाक्य लुळं पडत होतं: "वडील आजारी असताना मी वकील व्हायचं ठरवलं." मुदतीला अर्धा तास उरला होता. बाईंनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि लिहिलं, "वडील गेले, त्या दिवशी मी वकील व्हायचं ठरवलं."

पोराने वाचलं. "बाई, पण ते अजून..."

"उद्यापर्यंत व्हायचंच आहे रे ते," बाई म्हणाल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. असं बोललो आपण, भरल्या डोळ्यांच्या पोरासमोर, हे पुढे त्यांना कितीदा तरी आठवायचं आणि अंगावर काटा यायचा. पोराने डोळे पुसले, खाली छापलेल्या ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ या ओळीवर खूण केली आणि अर्ज पाठवला.

ड्रायव्हर मेला नाही. तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि नर्सशी चहावरून भांडला.

पोरगा धावत आला. "बाई, कॉलेजला पत्र पाठवू का?" त्या क्षणी एक पत्र गेलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण बाईंना आपल्या हुशारीची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस शहाणपण शिकवायला लागतो. "एका वाक्याने काय होतंय? कोण बघतंय?" नेमकं तेच वाक्य सगळ्यांनी पाहिलं. प्रवेश मिळाला. बाप गेलेला मुलगा म्हणून कॉलेजने आपणहून फी माफ केली. पहिल्याच दिवशी एका प्राध्यापकांनी पाठीवर हात ठेवून म्हटलं, "वडील असते तर खूश झाले असते." त्या दिवसापासून पोराला बापाला कॉलेजच्या फाटकापर्यंतही नेता येईना. अर्जात खोटं सापडलं तर पदवी रद्द, मग सनद कुठली नि वकिली कुठली.

ड्रायव्हरला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाईंमुळे पोराचं भलं झालं, एवढंच त्याला माहीत. म्हणून तो यायचा आणि आभार मानायचा. "यांच्या कॉलेजात पालकांना बोलवायची पद्धत नाही म्हणे," असं सांगायचा. बाई मान डोलवायच्या. तो गेल्यावर त्या खिडकी उघडायच्या, समोरची खुर्ची भिंतीकडे सरकवायच्या. तरी दिवसभर तिथे कोणीतरी बसलंय असं वाटायचं. नवीन पोरगं त्या खुर्चीत बसून ‘माझे वडील’ म्हणालं की बाई दचकून विचारायच्या, "आहेत ना?" काही पालकांना ते जिव्हारी लागलं. बाईंचा इलाज नव्हता.

मग एक दिवस तो आला तो नवा कोट घालून.

"पुढच्या गुरुवारी पोराचा पदवीदान समारंभ आहे. शेजारच्या मुलीने सांगितलं, तीही तिथेच शिकते. ती म्हणते आईबाप येतात. पोरगं म्हणतं, पास संपले." त्याने खिशातून घडी केलेला कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही एक अर्ज लिहून द्या बाई. कॉलेजला. ‘मी अमक्याचा वडील, मला मागे उभं राहायला जागा द्या.’ तुमच्या हाताला यश आहे."

बाईंनी पेन्सिल उचलली. ‘मी, खाली सही करणारा’ इतकं लिहिलं आणि पुढे हात चालेना. हा अर्ज गेला तर पोराची पाच वर्षं पाण्यात. नाही लिहिला, तर हा माणूस आपणहून फाटकाशी जाऊन उभा राहणार, कोट घालून. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मग कपाटातून निबंधाची प्रत काढून दिली.

ड्रायव्हरने चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून तो सावकाश वाचत होता. पहाटेच्या पाळीला निघताना झोपलेल्या पोराच्या अंगावर तो पांघरूण ओढायचा, ते त्यात होतं. पोरगं जागं असायचं, हेही होतं. शेवटच्या वाक्यावर बोट बराच वेळ थांबलं.

"हे शेवटचं तुमचं?"

"माझं."

"त्याने वाचलं होतं?"

बाईंना वाटलं, पोराला एवढ्यापुरतं तरी वाचवावं. "नाही. मी घाईत परस्पर पाठवलं."

ड्रायव्हरने चष्मा काढला. "बाई, त्याला माहीत नसतं, तर पाच वर्षांत एकदा तरी बोलावलं असतं ना मला."

एवढा साधा हिशोब याला जमेल, हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पण रडलंय हो पोरगं," तो कागदावर हात फिरवत म्हणाला. "समोर कधी दोन शब्द बोललं नाही." मग त्याने आपला कागद उचलला. त्यावरचे बाईंचे शब्द त्याने टेबलावरच्याच रबराने नीट खोडले आणि कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. "होऊ दे त्याला वकील. मी आलो होतो ते सांगू नका."

गुरुवारी दुपारी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. ड्रायव्हरचा पोरगा, काळा गाऊन तसाच अंगावर. बाईंनी अभिनंदन करायला तोंड उघडलं, पण त्याआधीच तो बोलायला लागला.

"बाई, मी काल हॉस्टेलवरून बाबांना फोन केला. म्हटलं, जे व्हायचं ते होवो, तुम्ही या. पाच वर्षं झोप नाही मला. सांगणार होतो सगळ्यांना, हे माझे वडील." तो धापा टाकत होता. "ते म्हणाले, नाही रे, सुट्टी नाही मिळणार. बाई, त्यांना रिटायर होऊन दोन महिने झाले. कसली सुट्टी?"

बाई त्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

"ते इथे आले होते?"

"आले होते," बाई म्हणाल्या. "सगळं सांगितलं मी. निबंधही वाचला त्यांनी."

"चिडले?"

"नाही."

पोरगा त्याच खुर्चीत बसला. "चिडले असते तर पाय धरता आले असते हो."

"मग आता जा. असाच जा, गाऊन घालून."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "गाऊन चारपर्यंत परत द्यायचाय. आणि जाऊन काय बोलू?"

बापावर दोन पानं लिहिणाऱ्या पोराचं वाक्य खोडून आपण आपलं घातलं, म्हणून आज त्याला बापाशी बोलायला शब्द नाहीत, एवढंच बाईंच्या मनात आलं. त्यांना रडू कोसळलं. काय बोलायचं ते त्यांना सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी या पोराच्या तोंडी पुन्हा आपलं वाक्य घालायची त्यांची तयारी नव्हती.

तो उठला, जिना उतरला. उजवीकडे कॉलेज, डावीकडे घरी जायचा बसस्टॉप. खिडकीतून दिसलं असतं तो कुठे वळला ते. बाईंची उठून बघायची हिंमत झाली नाही.