होडीच्या फळ्यांचा पिकअप

दोन वर्षांपूर्वी जुनी होडी मोडीत काढली, तेव्हापासून तुळशीराम अंगणात समुद्राकडे पाठ करून बसायचा. त्यामुळे मुलगा मितेश मासळीच्या पिकअपला जुन्या काळच्या मोटारीचं रूप देतोय, आणि मागच्या हौद्याला बापाच्या त्या होडीच्याच फळ्या लावतोय, हे कळल्यापासून चंद्रावती काळजीत होती. नवऱ्याला ते बघवेल का?

तारोडी गावात संध्याकाळ उतरत होती. वाळत घातलेल्या बोंबलांपलीकडे गोल दिव्यांचा निळा पिकअप उभा होता, आणि धुरकट उजेडात तो हलकेच तरंगतोय असं वाटत होतं. तुळशीराम त्याच्याभोवती फिरला. एका फळीवरून हात फिरवत खाली वाकला.

"खालचा लाल पट्टा कुठं हाय?"

मितेश हसला. "बाबा, ही गाडी हाय. पाण्यात थोडीच जाणार?"

"ते तुला ठावं हाय, फळ्यांना न्हाय. ब्रश आण."

दर नारळी पुनवेआधी होडीच्या बुडाला ओढायचा, तसाच पट्टा त्यानं आखायला दोरी न लावता ओढला. रंग ओला असतानाच पुढचं दार उघडलं आणि तो चंद्रावतीला म्हणाला, "चल, बस."

बाईमाणसानं होडीवर चढायचं नाही, हा त्याचाच नेम. तीस वर्षं तिनं होडी किनाऱ्यावरूनच पाहिली होती. पदर खोचून ती चढली. समोरच्या काचेत समुद्र पसरला होता, आणि शेजारी येऊन बसलेला तुळशीराम त्याच्याकडेच बघत होता.