बायनाच्या बुटाचं थडगं

बायनाला पावलं देताना देवाचा हात जरा सैल सुटला होता. अमेरिकेतल्या सावाना नदीच्या वरच्या अंगाच्या त्या मळ्यात एवढी पावलं बाप्यांचीसुद्धा नव्हती. यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण मळ्याचा नियम आडवा यायचा. दिवसभर तंबाखूत राबून झालं की संध्याकाळी प्रत्येक गुलामाने चुलीपुढे बसायचं, घरगुती कापसातली सरकी बोटांनी सोडवायची आणि आपापला एक बूट सरकीने भरायचा. बूट भरला की सुटका.

नवरा मिंगो याची पावलं लहान मुलीसारखी. त्याचा बूट चटकन भरे आणि मग तो चिलीम ओढत बायकोची गंमत बघे.

"बायने, बूट आहे का होडी? यात बसून आपण पळून जाऊ एक दिवस."

"तू बस. वल्हं मी घालते, तुझ्या टाळक्यात."

मळ्यात सगळं मालकाचं होतं. जमीन, खेचरं, मिंगो, खुद्द बायना. फक्त खोपटामागचा ओढ्याकाठचा तुकडा तेवढा तिचा, तोही तिथे काही पिकत नाही अशी मालकाची खात्री होती म्हणून. तिथे ती रविवारी भेंडी लावायची. समुद्रापलीकडून येताना आईने केसांत लपवून आणलेल्या बियांचा तो वंश. संध्याकाळी वेळ मिळता, तर तिने त्या तुकड्यात काय काय केलं नसतं!

आणि एका हिवाळ्यात वेळ मिळाला. मालकाने एक पेटी आणली. आत तारेचे दात असलेला लाकडी रूळ, बाहेर दांडा. दांडा फिरवला की रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. अख्ख्या वस्तीची आठवड्याची बोटमोड पेटीने न्याहारीआधी उरकली. बायनाने त्या पेटीचा मुका घ्यायचाच काय तो बाकी ठेवला.

त्या रविवारी तिने बुटाची अंत्ययात्रा काढली. तसाही तो वरून फाटलाच होता. मिंगोने पाद्र्याचा आवाज काढून प्रार्थना म्हटली, बाया खोटं खोटं रडल्या आणि बूट ओढ्याकाठच्या तुकड्यात पुरला गेला. "आतली सरकी तरी झाडून टाक," कुणी म्हणालं. "राहू दे," बायना म्हणाली, "तेवढीच त्याला सोबत."

पेटीची भूक मात्र कुणाला ठाऊक नव्हती. सरकी सोडवायला पेटी होती. कापूस लावायला, खुरपायला, वेचायला माणसंच. मालकाने तंबाखू उपटला, रान तोडलं, दिसेल तिथे कापूस लावला. बायनाची संध्याकाळ आता अंधार पडेपर्यंत शेतातच जाऊ लागली. माणसं कमी पडली, तशी व्हर्जिनियाहून साखळदंडात चालवत नवी आणली. त्यातली ड्रुसिला बायनाच्या खोपटात आली.

"तुमच्याकडे पण अशी पेटी आहे का गं?" बायनाने विचारलं.

"नाही मावशी. इथे पेटी आली म्हणून तर मला विकलं. मुलं तिकडेच ठेवली."

बायनाने तिच्यापुढे भेंडीचं कालवण सरकवलं. दुसरं काय सरकवणार?

त्या उन्हाळ्यात भेंडीच्या ओळीत कापसाची झाडं उगवली. थेट थडग्यावर. बायनाने ती उपटायला हवी होती. पण या बाईला मिरवायची भारी हौस! "बूट मेला, पण बघा कसा फुललाय!" ती ज्याला त्याला बोलावून दाखवू लागली. लोक पोट धरधरून हसले. शरदात बोंडं फुटली आणि हसणं मुकादमाच्या कानावर गेलं.

तो आला. बोंड तळहातावर घेऊन बघत राहिला.

"मावशी, इथे कापूस येतो होय?"

"छे हो साहेब, कापूस कसला! तो बूट आहे."

मुकादम हसला नाही. त्याने तुकड्याच्या चारी कडा पावलांनी मोजल्या, तेव्हा बायनाचंही हसू गेलं.

"साहेब, भेंडीपुरती एक ओळ तरी..."

"पुढच्या हंगामाला नांगर घालू," तो म्हणाला. तिला नव्हे, मातीला.

नांगर आला तेव्हा खेचरामागे मिंगोच होता. हुकूम तसाच होता. भेंडीची जुनी खोडं मुळासकट उलटली. तिसऱ्या फेरीला फाळाबरोबर बूट वर आला, चिखलाने भरलेला. बायना कडेला खुरपं घेऊन उभी होती. शिव्या द्यायच्या तर कुणाला? पेटीला, मुकादमाला, नवऱ्याला, की स्वतःच्या जिभेला? तिने बूट उचलून काखोटीला मारला.

संध्याकाळी चुलीवर मक्याची नुसती पेज होती. मिंगोने दोनदा ढवळून पाहिली. न विचारणं त्याला जमलंच नाही.

"भेंडी नाही?"

बायनाने बूट त्याच्यापुढे आपटला.

"हा शिजव. मोठा आहे, तिघांना पुरेल."

ड्रुसिलाने मान खाली घातली. मिंगोने बूट हळूच उलटा केला आणि पेज गार होईपर्यंत आतला चिखल बोटाने कोरत बसला. भेंडीची एखादी बी सापडते का, ते बघत.