पहिल्या ट्रंपेटचा कोट

गेल्या दिवाळीनंतर माझा धाकटा भाऊ जेवताना म्हणाला, "ताई, भाजीत तिखट कमी टाकत जा. तोंडाची आग होऊन राहिली." त्या दिवसापासून मी भिऊन आहे. आमच्या पवनीत कोणी तिखट कमी कर म्हणत नाही. आणि आमच्या बँडमध्ये हेच वाक्य मी याआधी दोघांच्या तोंडून ऐकलं होतं. दोघंही पहिला ट्रंपेट, म्हणजे गाण्याची मुख्य चाल, वाजवायचे. आता भाऊ तो वाजवतो.

बँड बाबांनी काढला, साठच्या दशकात. हॉटेलातल्या रेडिओवर सिनेमाचं नवं गाणं लागलं की बाबा समोरचा चहा थंड होऊ द्यायचे, आणि चार दिवसांत ते गाणं वरातीत वाजायचं. जिल्ह्याबाहेर आम्हाला कुत्रं ओळखत नाही. पण वैनगंगेच्या दोन्ही काठांना आमच्या बँडशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नाही, असं बाबा सांगत सुटायचे. थोडं फुगवून सांगायचे, अगदीच खोटं नव्हतं.

ही जागा धरणारा पहिला माणूस नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात पळाला. दुसरा आमच्या शेजारच्या बौद्ध मोहल्ल्यातला, वाजवण्यात सगळ्यांचा बाप. त्याला सरकारी नोकरी लागली तेव्हा बाबांनी पेढे वाटले आणि मग दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. मला विचाराल तर हे दोघं नशिबाचे. तोंड शाबूत घेऊन गेले.

तोवर बँडचे कोट शिवायचं काम माझ्याकडे आलं होतं. लाल कापड, सोनेरी फीत. नवा माणूस आला तरी कोट जुनाच असायचा. मी बाह्या आखूड करायची, काखेत कापड सोडायची. तिसरा ट्रंपेटवाला आला तो गालात खर्रा धरूनच. पानठेल्यांवर तेव्हा खर्रा नवा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून द्यायचे. वरात तीन-तीन तास चालते, पोटात काही नसतं, खर्र्याने दम टिकतो असं सगळे म्हणायचे. पण पुडीने कोटाचा खिसा फुगलेला दिसला की बाबा चिडायचे. म्हणून त्याने मला आतल्या बाजूला एक चोरखिसा शिवायला सांगितला. मी शिवला, आणि इतका सुबक शिवला की बाकीचेही मागे लागले. आठही कोटांना चोरखिसे लावले. तेव्हा मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

तिसऱ्याने आधी तिखट सोडलं. मग लग्नाच्या पंगतीत गुलाबजाम चमच्याने तोडून खायला लागला. मग ओठ आवळता येईनात, फुंक बाजूने निसटायची. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या एका वरातीत त्याचा सूर गाण्याच्या मध्येच बंद पडला. नवरदेवाकडचे लोक हसले, त्यांना वाटलं प्यायलाय. वर्षभरात तोंडाच्या कॅन्सरने तो गेला. चौथ्याचंही पायरी-पायरीने तसंच झालं. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की तोंड उघडल्यावर दातांच्या मध्ये तीन बोटं उभी मावली पाहिजेत. त्याचं एक मावत होतं.

लोक म्हणाले, कोटच पनवती आहे, जाळून टाका. मला भयंकर राग यायचा. कोटाने काय केलं? पण तोंड उघडून बोलायची सोय नव्हती, कारण कोटाच्या आत काय होतं आणि ते कोणी शिवलं होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

भावाने तिखट सोडल्यावर मी त्याच्या कोटाचा चोरखिसा उसवला. तो पुडी पँटीच्या खिशात ठेवायला लागला. मी म्हटलं, बोटं घालून दाखव. दोन कशीबशी गेली. "माहे बोटं जाडे आहेत," म्हणून तो हसला, तेही ओठ मिटूनच. भंडाऱ्याला डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणाला, "लग्नाचा सीझन होऊ दे." मी रोज म्हणायची, तो रोज सीझनवर ढकलायचा.

मागच्या आठवड्यात एक तिशीतला माणूस दारात आला. कोटाचं माप द्यायचं म्हणाला.

"कोणता बाजा?" मी विचारलं.

"पहिला ट्रंपेट."

"तो तर माहा भाऊ वाजवते."

"त्यायनंच पाठवलं, बाई. महिना झाला, ते मले शिकवून राहिले."

भाऊ आतल्या खोलीत पलंगावर बसला होता. सगळं ऐकत होता. मी आत गेले.

"मले काहून नाही सांगितलं?"

"भंडाऱ्याले दाखवलं मी," तो म्हणाला. "गाठ आहे म्हणते. तू त्याचं माप घे, पोट जरा ढिलं ठेव." जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होता.

मी टेप घेऊन बाहेर आले. त्या माणसाने छाती फुगवून श्वास सोडला, आणि मला खर्र्याचा वास आला. मी टेप परत गुंडाळायला लागले. मी त्याला म्हटलं, जा बाबा घरी, हा कोट मी कोणाला देत नाही.

आतून भाऊ काहीतरी बोलला. त्याच्या जेमतेम उघडणाऱ्या तोंडातून आलेले शब्द मला कळले नाहीत, आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.