चौथी थाप

कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमनने हातात दिलं, तेव्हा मी बाजरीच्या खुरपणीत होतो. चाकणच्या गुरांच्या दवाखान्यातले आमचे माधवराव डॉक्टर गेले, असं त्यांच्या धाकट्या भावाने कळवलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. तरी रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मान वळतेच.

माधवराव आमच्या तळवड्यात यायला लागले तेव्हा सुई म्हटली की माणसंच पळत, मग बैलांचं काय सांगावं! त्यांची पद्धत मात्र बघत राहावी अशी. औषध मांसात टोचायचं असलं की मानेच्या बाजूला मुठीने तीन थापा मारायचे आणि चौथ्या थापेबरोबर नुसती सुई आत. पिचकारी मागून जोडायची. जनावर कानसुद्धा हलवत नसे.

एकदा ऐन पेरणीच्या तोंडावर आमचा सर्जा तापाने फणफणला. माधवराव मानेला हात लावणार, तोच मी आडवा आलो.

"मानंवर न्हाई डॉक्टर, तितं जू बसतं. गाठ आली तर पेरणी बुडंल. मागं पुठ्ठ्यात टोचा."

"अहो, जू वर बसतं, मी बाजूला टोचतोय. मागे पायाची शीर असते."

"बैल माजा हाय का तुमचा?"

शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच होता ना! त्यांनी पुठ्ठ्यात टोचलं. सर्जाने हिसडा दिला, सुई आतल्या आत सरकली. ताप उतरला, पण मागचा उजवा पाय कायमचा फरफटू लागला.

डॉक्टरने बैल लंगडा केला, असा गावभर बोभाटा झाला. चावडीवर विचारणा झाली, तेव्हा माधवराव एवढंच म्हणाले, "चूक माझी. हात माझा होता." मी शेजारीच उभा होतो. तोंडातून ब्र काढला नाही...

चावडीवरून जाताना त्यांनी मला एकच गोष्ट मागितली. "सर्जाला बाजार दाखवू नका." मी सर्जाला ठेवलं. पुढे दर पोळ्याला ते सायकल मारत यायचे, सर्जाच्या मानेवर तीन थापा द्यायचे आणि चौथीला पुरणपोळी भरवायचे. माझ्याशी हसून बोलायचे. दरवर्षी वाटायचं, आज सांगून टाकू. पण सणाच्या दिवशी कशाला, म्हणून राहून जायचं. आज चार लोकांसमोर लिहितोय, की चूक माझी होती. ज्यांनी ऐकायचं ते मात्र नाहीत. फार आठवण येते त्यांची.

परवा पोळा झाला. शिंगं रंगवून झाल्यावर पुरणपोळी हातात घेऊन मी सर्जाजवळ गेलो. त्याच्या मानेवर तीन थापा दिल्या. चौथीला हात उचललाच गेला नाही. सर्जाने पोळीकडे पाहिलंसुद्धा नाही. लंगडा पाय सावरत तो वळला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.