धोबीखान्यामागचा ओला खड्डा

अर्थिंगचं रीडिंग चांगलं आलं आणि तिथेच माझं डोकं चक्रावलं. ते वाईट यायला हवं होतं.

ओमानमधल्या सहम गावाच्या बाहेर, समुद्रापासून थोडं आत, लष्कराचा एक बंद कॅम्प होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकाने, तो दुरुस्तीला घेतला. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीतली एक फॅक्टरी बुडाली होती आणि तिचे कामगार एका शेडच्या आडोशाला उघड्यावर झोपत होते. त्यांना इथे राहायला खोल्या द्यायच्या, जुन्या गॅरेजमध्ये वेल्डिंग आणि एसीचं काम शिकवायचं आणि नोकरीला लावायचं, अशी योजना होती. इलेक्ट्रिकलचं सगळं माझ्याकडे होतं.

जागा मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. परेड ग्राउंडवर उभं राहायच्या पांढऱ्या खुणा तशाच होत्या. झेंडा नव्हता, पण खांबाची दोरी वाऱ्याने दिवसभर टणटण वाजायची. बराकीत शिरलं की कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटायचं.

अर्थिंग म्हणजे काय, ते सांगतो. मशीनमध्ये वीज गळाली तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून खड्ड्यात धातूची प्लेट पुरतात. भोवतालची माती ओली असली तरच त्याचा उपयोग. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. कॅम्पचं पाणी तर कधीचंच तोडलेलं होतं. बाकीच्या खड्ड्यांचं रीडिंग अपेक्षेप्रमाणे भिकार आलं. धोबीखान्यामागच्या खड्ड्याचं मात्र नव्या बिल्डिंगसारखं. मी झाकण उचललं, आत हात घातला. माती ओली आणि गार होती.

साफसफाईसाठी आलेली कामगारांची पहिली तुकडी त्याच दिवशी गेटबाहेर जाऊन बसली. त्यांच्या वतीने रामबिलास नावाचा गवंडी बोलायला आला.

"साहब, शाम को उधर धोबीखाने के पीछे कोई आता है. बोलता भी है. हम बाहर सो लेंगे, अंदर नहीं."

अर्बाबला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, आठवडाअखेर माणसं आत राहिली नाहीत तर कॅम्प परत आणि माणसं विमानात. खलास. म्हणजे इतकी वर्षं राबून ती रिकाम्या हाताने घरी जाणार. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

आम्ही बौद्ध. भूतखेत, पितर असलं काही वडिलांनी घरात येऊ दिलं नाही. त्यामुळे संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत धोबीखान्यात जाऊन बसलो. सूर्य बुडाला. दोरीची टणटण थांबली. मग भिंतीपलीकडे पत्र्याचा डबा वाजला, पाणी पडल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ कोणीतरी अगदी हळू आवाजात मराठीत बोललं.

"घे रे. पी."

ओमानच्या त्या ओसाड कॅम्पात मी सोडून मराठी माणूस नव्हता. वडिलांची शिकवण बाजूला राहिली. भूत असतं तर मराठीतच का बोललं असतं, या एका विचाराच्या जोरावर मी बाहेर आलो.

खड्ड्यापाशी एक हडकुळा माणूस तेलाचा डबा घेऊन उकिडवा बसला होता. माझ्यापेक्षा तोच जास्त दचकला. नाव दत्ताराम, गाव गुहागरकडचं. कॅम्प चालू असताना तो इथे धोबी होता. ठेकेदार त्याचा पासपोर्ट घेऊन पसार झाला. तेव्हापासून दिवसा शेजारच्या शेतावर राबायचं आणि झोपायला बंद पंपघरात यायचं. पाणी तो शेताच्या विहिरीवरून आणायचा.

"पण कशासाठी?" मी विचारलं.

"शांताराम हितला इलेक्ट्रिशियन, आमच्याच वाडीतला. रजेवर जाताना सांगून गेला, खड्ड्यात पानी घाल. मी इसारलो. तो आला, मशीनीला हात लावलान, तितंच पडला." तो खड्ड्याकडेच बघत होता. "त्याला तान लागते, सायेब."

मी त्याला समजावलं. नुसत्या कोरड्या खड्ड्याने माणूस मरत नाही. आधी मशीन बिघडलेलं असावं लागतं, ब्रेकरही निकामी असावा लागतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि रिकामा डबा उचलला.

सकाळी मी त्याला गेटबाहेर नेऊन कामगारांपुढे उभं केलं. रामबिलासने त्याचा दंड चाचपून पाहिला, मग सगळे मुकाट्याने आत गेले. अर्बाब मात्र त्याला पोलिसात द्यायला निघाला. मी म्हणालो, "इथला प्रत्येक खड्डा रोज ओला लागतो. पाणी घालायला माणूस नसेल तर मी विजेच्या सर्टिफिकेटवर सही करणार नाही." शेवटी अर्बाब म्हणाला, त्याच्या कागदपत्रांचं बघू, इन्शाल्ला. या एका शब्दावर मी आखातात कधीच भरवसा ठेवला नव्हता. पण कागद झाले. योजनेतली पहिली नोकरी दत्तारामला मिळाली.

गॅरेज सुरू झालं, पाण्याची लाइन आली. मी प्रत्येक खड्ड्यावर नळ बसवून दिला. दत्ताराम बाकीचे सगळे नळ सोडायचा आणि शेवटी धोबीखान्यामागच्या खड्ड्यासाठी डबा घेऊन विहिरीकडे निघायचा.

"नळ दिलाय ना तिथे?" मी एकदा विचारलं.

"ता कामाचा पानी, सायेब. ह्या त्याचा."

दुसऱ्या दिवशी मी त्या खड्ड्यावरचा नळ काढून घेतला. तेव्हापासून कुठल्याही बंद जागेचा ताबा घेताना ड्रॉइंग उघडायच्या आधी मी एकच गोष्ट विचारतो: इथे अजून कोण ड्यूटीवर आहे?