मॅडमना लिहिलेली चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, रश्मीला सांगितलंय, पण तेही गेल्याच महिन्यात, आणि रश्मी माझी बायको. तिला सांगणं भागच होतं. तुम्हाला सांगणं भाग नाही. तरी सांगतो.

सुरुवात पालीपासून करावी लागेल. मी पालीला घाबरतो. आम्ही डोंबिवलीत राहतो, कोपरला, तळमजल्यावर, त्यामुळे पालींना तोटा नाही. एकदा रश्मीने माझ्या बहिणीला हसत हसत सांगितलं की पाल दिसली की हा पलंगावर चढतो आणि तिथूनच मला सूचना देतो. खरंच होतं ते. पण मी त्यानंतर नऊ दिवस रश्मीशी बोललो नाही.

नऊ दिवस! पालीवरून!

आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. माझे बाबा मानपाड्याच्या एका कारखान्यात होते. घरी आले की कुठलंही निमित्त पुरायचं. एकदा चहा पांचट झाला म्हणून त्यांनी किटली भिंतीवर फेकली, आणि उकळता चहा आईच्या हातावर उडाला. मी बारा वर्षांचा. टेबलाखाली होतो. तिथेच ठरवलं, आपण कधी आवाज चढवायचा नाही. ते मी पाळलंय. राग आला की मी तोंडच बंद करायचो, आणि मला वाटायचं हा माझा मोठेपणा. रश्मी रडकुंडीला आली की मनात म्हणायचो — अगं, किटली तर नाही ना फेकत?

दहाव्या दिवशी रश्मी म्हणाली, "मला भिंतीशी संसार करायचा नाही. माझ्याशी नाही तर नाही, पण कुणाशी तरी जाऊन बोल." तिने ठाण्यातल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता आणून हातात ठेवला.

पहिल्या शनिवारी मी गेलेलो. शपथ. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. दाराबाहेर कुणाकुणाच्या चपला होत्या. त्या चपलांकडे बघत दोन मिनिटं उभा राहिलो आणि खाली उतरलो. का? आत गेल्यावर किटलीचं विचारतील, म्हणून. दुसरं काही नाही. तिथल्याच तळ्याकाठी, तलावपाळीवर जाऊन बोटी बघत बसलो. घरी आलो तर रश्मीने दारातच विचारलं, "कशा आहेत रे मॅडम?"

मी म्हणालो, "चांगल्या आहेत."

झालं! पुढचे सात महिने मी दर शनिवारी तलावपाळीवर. मॅडमना मी चष्मा दिला, नागपूरचं माहेर दिलं, गुडघेदुखी दिली. रश्मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची. दिवाळीत तिने त्यांच्यासाठी फराळाचा डबा पाठवला. चकल्या फार खुसखुशीत झालेल्या. मला माहीत आहे, सगळ्या मीच खाल्ल्या. आणि घरी जाऊन काहीतरी सांगावं लागायचं, म्हणून बोटी बघता बघता मी मॅडमचे सल्ले तयार करायचो. जेवताना फोन लांब ठेवायचा. दिवसातली एक तरी गोष्ट बायकोला सांगायची, कितीही फालतू असली तरी. सांगितलं म्हणून करावंही लागायचं. आणि गंमत बघा — घर बदलायला लागलं! रश्मी गुणगुणत भाजी चिरायला लागली.

इथपर्यंत तुम्ही हसत असाल. हसा. पुढचं मात्र तसं नाही.

एका शनिवारी रश्मीने एक बंद पाकीट दिलं. "मॅडमना दे. आणि उघडू नकोस हं." मी मान डोलावली. तलावपाळीच्या कठड्यावर बसलो आणि उघडलं.

तिने लिहिलं होतं, लहानपणी आई रागावली की महिना महिना माझ्याशी बोलायची नाही. ताट वाढायची, पण नावाने हाक मारायची नाही. एकदा मला ताप भरला तरी मी सांगितलं नाही, कारण आधी कुणी बोलायचं हे मला कळत नव्हतं. हा गप्प झाला की मी अजूनही घरात पाय न वाजवता चालते. मग शेवटची ओळ — हे त्याला सांगू नका, त्याला वाईट वाटेल आणि तो परत गप्प होईल.

वाचून मी काय केलं? चिठ्ठी खिशात घातली आणि घरी जाऊन म्हणालो, "मॅडम म्हणाल्या, तू दमलीस की मी तुला नावाने हाक मारायची." रश्मीचे डोळे भरून आले. म्हणाली, "किती ओळखतात रे त्या मला!"

आणि मी ते कौतुक घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी खरोखरच्या समुपदेशकाकडे गेलो, कल्याणला. ते मिशीवाले सर निघाले. किटलीचं विचारलंच त्यांनी. सांगताना मी इतका रडलो की सरांनी आपला रुमाल दिला. त्यांच्याकडे दीड वर्ष गेलो, आणि घरी त्यांना मॅडमच म्हणत राहिलो. शेवटी एकदा फोनवर रश्मीसमोरच "हो सर, येतो सर" म्हणालो आणि पकडला गेलो. सगळं सांगितलं. चकल्यांचं ऐकल्यावर ती पोट धरधरून हसली. मग हसता हसता थांबली.

"मग माझी चिठ्ठी?"

"फाडून टाकली," मी म्हणालो. "न वाचता."

नावाने हाक मारायचा सल्ला मग कुठून आला, हे तिला सुचलं नाही; तिने सुटकेचा श्वास सोडला. तो मला अजून ऐकू येतो. त्या खोट्याला दोन वर्षं झाली. दोन्ही वर्षं चांगली गेली. रविवारी खडवलीला नदीवर जातो, भांडतो, तासाभरात मिटवतो. मी पलंगावर चढलो की आता बहिणीला व्हिडिओ मीच पाठवतो. सगळं छान चाललेलं, म्हणूनच ते टोचत राहिलं.

गेल्या महिन्यात सांगितलं. रश्मी ओरडली. लग्नाच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, इतकी की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं. तोंड मिटून घ्यावंसंही. नाही मिटलं. ती विचारत गेली, मी सांगत गेलो.

"किती वेळा वाचलीस?"

"दोनदा."

"वाचून रडलास तरी?"

"नाही. भेळ खाल्ली."

ती धाडधाड पाय आपटत आत गेली. अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी.

दुसऱ्या दिवशी तिने चिठ्ठी मागितली. ती माझ्याकडेच होती, दिली. तिने ती कुठे ठेवली, मला माहीत नाही. आम्ही बोलतो, हसतो, परवा तर सिनेमाला गेलेलो. चिठ्ठीचं तिने माफ केलंय का — मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.